पाऊस बाहेर, वारा आत

कोलाडात कोंबड्यांसाठी घर बांधायचं तर शत्रूंच्या यादीत पहिलं नाव मुंगुसाचं नाही, उदमांजराचंही नाही. पहिलं नाव पावसाचं. आमच्या रायगड जिल्ह्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत ओतला जातो. मागे सह्याद्री उभा, समोरून समुद्राचा वारा. ढग आमच्या डोक्यावर येऊन अडतात. आषाढात तर कपडे वाळत नाहीत, मीठ पाझरतं, भिंतींना बुरा धरतो. अशा हवेत वीस कोंबड्या एका खोलीत रात्रभर बसवायच्या आणि सकाळी त्या टवटवीत बाहेर काढायच्या, एवढंच खुराड्याचं काम. बाकी सगळं त्यातूनच ठरतं.

मी धाटावच्या एमआयडीसीत फिटर होतो. नोकरीभर पाईप, फ्लॅन्ज, गळणारे जोड हेच केलं. निवृत्तीनंतर आंबेवाडी नाक्यापासून थोडं आत, आमच्या जुन्या घराच्या परसात मी खुराडं बांधलं. कोंबड्या हिच्या, खुराडं माझं, अशी आमची वाटणी आहे. आता आजूबाजूच्या गावांतून लोक माप घ्यायला येतात. प्रत्येकाला मी तेच तेच सांगतो, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहून काढावं.

माझी आई कोंबड्या डालग्याखाली झाकायची. पडवीच्या कोपऱ्यात बुरुडाकडून आणलेलं मोठं डालगं, वर पाट्याचा दगड. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, ही म्हण तिच्या तोंडी सारखी असायची आणि ती तिला शब्दशः माहीत होती. पाच-सहा कोंबड्यांना डालगं पुरतं. माणसं पडवीतच झोपायची, त्यामुळे राखणही व्हायची. पण आकडा दहाच्या पुढे गेला की डालग्यात गर्दी होते, खाली शेण-विष्ठेचा चिखल होतो, आणि एका कोंबडीला मर लागली की सगळं डालगं रिकामं होतं. आता पडवीला ग्रिल आलं, फरशी आली, माणसं आत पंख्याखाली झोपतात. कोंबड्यांना स्वतःचं घर द्यावंच लागतं.

ते घर कसं असावं हे कोंबडीलाच विचारावं, असं मला वाटतं. आपल्या पाळीव कोंबडीचं मूळ घराणं तांबड्या रानकोंबड्याचं. तो उत्तर आणि पूर्व भारतातला, आग्नेय आशियातला पक्षी. आपल्या सह्याद्रीत असतो तो राखी रानकोंबडा. भिऱ्याच्या, ताम्हिणीच्या बाजूला पहाटे त्याचं तुटक आरवणं ऐकू येतं. २००८ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं, की पाळीव कोंबडीच्या कातडीचा आणि पायांचा पिवळा रंग ज्या जनुकामुळे येतो ते जनुक या राखी रानकोंबड्याकडून आलेलं आहे. म्हणजे परसात दाणे टिपणाऱ्या पिवळ्या पायांच्या कोंबडीत थोडा आपल्याकडच्या डोंगराचाही अंश आहे. हे वाचलं तेव्हा मला फार आनंद झाला. दोन्ही रानकोंबडे दिवसभर जमिनीवर उकरत हिंडतात आणि रात्री झाडावर चढून झोपतात. उंच, कोरडी, वारा खेळणारी आणि वर पानांचं छप्पर असलेली फांदी, हीच कोंबडीच्या मनातली झोपायची जागा. ती खुराड्यात द्यायची.

बऱ्याच जणांचा कल बंद खोली बांधण्याकडे असतो. चारी बाजूंनी फळ्या, एक छोटी खिडकी, घट्ट दार. थंड मुलखातली चित्रं पाहून तसं वाटतं. इथे तसं केलं तर पहिल्याच श्रावणात कोंबड्या शिंकायला लागतील. हिशेब सोपा आहे. वीस कोंबड्या दिवसाला दोन किलोच्या आसपास विष्ठा टाकतात आणि तिच्यात तीन-चतुर्थांश पाणीच असतं. शिवाय त्यांच्या श्वासातून बाष्प बाहेर पडतं ते वेगळंच. कोंबडीला घाम येत नाही. तिच्या अंगाचं तापमान एकेचाळीस अंशांच्या आसपास असतं आणि नको असलेली उष्णता ती चोच उघडून, धापा टाकून बाहेर काढते. हे सगळं बाष्प बंद खोलीत कोंडलं की खालचा थर ओला होतो. ओल्या विष्ठेत जंतू वाढतात, अमोनिया सुटतो, डोळे चुरचुरतात. त्याच ओलीत रक्ती हगवणीचे परजीवी पिकतात आणि लहान पिल्लं त्याने पटापट जातात. खुराड्यात वाकून नाक चुरचुरलं तर समजावं, आपल्याला एका क्षणात जे सोसवत नाही ते कोंबड्या रात्रभर सोसताहेत.

माझं खुराडं आठ फूट लांब, सहा फूट रुंद आहे. अठ्ठेचाळीस चौरस फुटांत वीस मोठ्या कोंबड्या सुखाने मावतात. प्रत्येकीला दोन चौरस फूट जागा लागते असं धरायचं. लांबी पूर्व-पश्चिम ठेवली आहे. तशी ठेवली की सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन लांब बाजूंमधून आत घुसत नाही आणि नैर्ऋत्येकडून येणारा पावसाळी झोत फक्त अरुंद पश्चिम भिंतीवर आणि थोडा दक्षिणेवर बसतो. पश्चिमेची भिंत मी वरपर्यंत विटांची बांधली. बाकी तीन बाजूंना दीड फुटाची बैठी भिंत आणि तिच्यावर छपरापर्यंत जाळी.

जोतं दोन फुटांचं. यात काटकसर करू नये. आमच्याकडे जमीन पावसाळ्यात वर येणाऱ्या पाण्याने भरते; कुंडलिका नदीचं पाणी दूर असलं तरी परसातलं पाणी पायरीपर्यंत येतं. जोत्यावर सिमेंटचा कोबा, दाराच्या बाजूला किंचित उतार. कोब्याचा दुसरा फायदा घुशींपासून. मातीची जमीन असली की घूस बाहेरून बीळ काढते आणि थेट खुराड्याच्या मध्यभागी तोंड उघडते. कोब्याला ती काही करू शकत नाही. विटांसाठी लांब जावं लागत नाही. दिवाळी उलटली की रोहा-पेण पट्ट्यात वीटभट्ट्या पेटतात.

जाळीबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण हा माझ्या हातातला विषय. बाजारात ‘कोंबडी जाळी’ म्हणून षटकोनी घरांची जी हलकी जाळी मिळते ती कोंबडीला आत ठेवते; बाहेरच्याला बाहेर ठेवत नाही. तिची तार नुसती पिळलेली असते. उदमांजर दातांनी एक पीळ सोडवतं आणि मग पंज्याने फाडत जातं. त्याऐवजी अर्ध्या इंची चौकोनी घरांची वेल्डमेश घ्यावी, जिचा प्रत्येक जोड वेल्ड केलेला असतो. घेताना गेज विचारावा. आकडा जितका लहान तितकी तार जाड. अठरापेक्षा मोठा आकडा घेऊ नये. घर अर्ध्या इंचाचंच का? कारण एक इंची घरातून सापाचं पिल्लू, लहान उंदीर सहज आत येतो, आणि उंदरामागे धामण येते. अर्ध्या इंचातून मुंगुसाचा पंजाही आत जात नाही. मुंगूस, उदमांजर पुष्कळदा आत शिरत नाहीत; बाहेरूनच पंजा घालून जाळीजवळ झोपलेल्या कोंबडीचा पाय ओढतात.

जाळी चौकटीला नुसत्या यू खिळ्यांनी ठोकू नये. पावसात लाकूड फुगतं, उन्हात आकसतं आणि खिळे हळूहळू सैल होतात. मी जाळीच्या कडेवर एक इंची लाकडी पट्टी ठेवून, दर सहा इंचांवर वॉशर घालून स्क्रू मारले. चौकट जुन्या किंजळीच्या वाशांची, घर दुरुस्त करताना निघालेले. ऐन, किंजळ, जांभूळ अशी आपल्याकडची लाकडं ओल सोसतात. स्वस्तातली पांढरी पॅकिंगची लाकडं दोन पावसांत भुगा होतात. लाकडाला काळं ऑइल मारायची आमच्याकडे रीत आहे. मी ते फक्त बाहेरच्या अंगाला मारतो, कारण आतल्या अंगाला कोंबड्या चोच मारत राहतात.

छप्पर म्हणजे खुराड्याचा जीव. मी पत्रा घातला. कौलं सुंदर आणि थंड, पण इथे माकडांच्या टोळ्या कौलांवरून उड्या मारतात आणि एक कौल सरकलं की खाली धार लागते. पत्र्याचा दोष उन्हाळ्यात कळतो. मार्च २०१७ मध्ये इथून जवळच्या भिऱ्याला पारा ४६.५ अंशांवर गेला होता, देशभर बातमी झाली होती. अशा दिवशी उघड्या पत्र्याखाली कोंबडी तासाभरात मरू शकते. म्हणून होळीच्या सुमारास पत्र्यावर चुन्याचा जाड हात मारायचा आणि त्यावर नारळाच्या झावळ्या व पेंढा पसरून दोरीने बांधायचा. मृगाच्या आधी पेंढा काढून टाकायचा, नाहीतर तो पाणी धरून कुजतो आणि पत्रा गंजवतो. समोरची उंची साडेसहा फूट, मागची पाच. पागोळी भिंतीपासून साडेतीन फूट लांब पडते. लोक छपराचा हा पुढे आलेला भाग वाचवतात आणि मग जाळीला ताडपत्री बांधत बसतात. पुढे आलेला पत्रा असला की मुसळधार पावसातही तीन बाजूंची जाळी उघडी ठेवता येते. वारा आत, पाऊस बाहेर, हे साधतं ते याच साडेतीन फुटांमुळे.

पण पुढे आलेल्या पत्र्याखाली वारा शिरतो आणि तो उचलतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा जिल्ह्यात किती घरांचे, गोठ्यांचे, पोल्ट्रीच्या शेडचे पत्रे उडाले ते आम्ही डोळ्यांनी पाहिलं. माझं खुराडं त्यानंतरचं. प्रत्येक पत्रा जे-हूकने पाईपच्या आढ्याला आवळला आहे, खिळ्याने वाशाला नाही, आणि कोपऱ्यांचे खांब कोब्याच्या खाली दीड फूट काँक्रीटमध्ये गाडले आहेत. छपराला वरून दाबणारं वजन लागतं असं लोकांना वाटतं. ते पत्र्यावर दगड ठेवतात. वादळात ते दगडच आधी उडतात. छप्पर जमिनीशी बांधलेलं असावं लागतं.

नैर्ऋत्येचा झोत फारच असला तर दक्षिणेच्या जाळीला पडदा लागतो. इथे एक बारकी पण मोलाची गोष्ट. पडदा खिडकीच्या पडद्यासारखा वरून खाली सोडायचा नाही. तो खालच्या बैठ्या भिंतीला पक्का करायचा आणि दोरीने खालून वर ओढायचा. म्हणजे अर्धा ओढला तरी वरचा भाग उघडा राहतो. गरम, ओलसर, वास धरलेली हवा वर चढते आणि तिथून निघून जाते. खाली बसलेल्या कोंबड्यांच्या अंगावर थेट झोत येत नाही. मोठ्या पोल्ट्रीवाल्यांच्या शेडमध्ये पडदे असेच असतात. पडद्यासाठी मी जुनं फ्लेक्स वापरलं. गावात सण, वाढदिवस, निवडणुका संपल्या की फ्लेक्स मागितलं तर कुणी नाही म्हणत नाही.

आता झोपायची जागा. प्रत्येक कोंबडीला दांड्यावर साधारण नऊ इंच लागतात. वीस कोंबड्यांना पंधरा फूट. मी सहा-सहा फुटांचे तीन दांडे घातले. तिन्ही एकाच उंचीवर. शिडीसारखे खाली-वर घातले तर सगळ्या सगळ्यात वरच्यावर जायला भांडतात आणि खालच्यांवर वरच्यांची घाण पडते. दांडा दोन इंच जाड, कडा मारून गोल केलेला. कोंबडी खाली बसली की पायाच्या शिरा आपोआप ताणल्या जातात आणि बोटं दांड्याभोवती मिटतात, म्हणून ती झोपेत पडत नाही. बांबू फार गुळगुळीत आणि त्याच्या पोकळीत बारीक तांबडे कीटक लपतात, जे रात्री बाहेर येऊन कोंबड्यांचं रक्त पितात. भरीव लाकूड बरं.

कोंबडीची निम्म्याच्या आसपास विष्ठा रात्रीच पडते, आणि ती कुठे पडणार हे आपल्याला नक्की माहीत असतं: दांड्याच्या बरोबर खाली. मग ती खालच्या तुसात मिसळूच का द्यायची? दांड्यांच्या खाली आठ इंचांवर मी पोफळीच्या रिपांचा माच बांधला आणि त्यावर फ्लेक्सचा तुकडा ताणून अंथरला, छापील गुळगुळीत बाजू वर. रोज सकाळी कोंबड्या बाहेर गेल्या की ही फ्लेक्सची दोन टोकं धरते, मी दोन, गोधडीसारखी मधोमध झोळ करून तो तुकडा तसाच उचलून खताच्या खड्ड्यावर उपडा करायचा, नारळाच्या खराट्याने दोन हात मारायचे आणि परत अंथरायचा. घामही येत नाही. एवढ्या एका सवयीने खालच्या थराचं अर्ध्याहून अधिक ओलं वजन कमी होतं. माझ्या मते खुराड्यातली सगळ्यात उपयोगी वस्तू हीच.

खाली जमिनीवर भाताचं तूस, चार इंचांचा थर. हा भाताचा मुलूख, गिरणीत तूस पोत्याने मिळतं. तूस पाणी धरतं आणि लवकर सोडतंही. भुसा चालतो पण धूळ फार, आणि पेंढा पावसात बुरशी धरतो. थर दर दोन-तीन दिवसांनी फावड्याने खालीवर करायचा. मूठभर गहू त्यात उधळला तर कोंबड्या स्वतःच उकरून ते काम करतात. ओल किती आहे ते हाताने कळतं. मूठभर तूस घ्यायचं, घट्ट दाबायचं आणि मूठ उघडायची. लगेच सुटून पडलं तर ठीक. लाडू झाला तर वेळ गेली, थर बदलायचा. लाडू अर्धवट होऊन भेगा पडल्या तर थोडा विरलेला चुना मिसळून कोरडं तूस वर टाकायचं. आषाढ-श्रावणात ही परीक्षा मी रोज घेतो.

अंड्यांच्या पेट्या दांड्यांपेक्षा खाली असाव्यात, नाहीतर कोंबड्या पेटीतच झोपतात आणि अंडी बरबटतात. एक फूट लांब, रुंद, उंच अशी पेटी चार-पाच कोंबड्यांना पुरते. माझ्या चार आहेत, भिंतीबाहेर काढलेल्या, वरून झाकण उघडून अंडी उचलता येतात. झाकणाला उतार आणि जुन्या टायरच्या ट्यूबची पट्टी बिजागरीवर, पाणी आत जाऊ नये म्हणून. पेटीत पेंढा आणि मूठभर सुका कडुनिंबाचा पाला. कोंबडीला अंडं घालायला अंधार आणि आडोसा हवा असतो. पेटीच्या तोंडाशी गोणपाटाचा पडदा सोडला की तिचं मन बसतं. नव्या तलंगा कुठेही अंडी घालतात. त्यांना वळण लावायला पेटीत एखादं प्लास्टिकचं अंडं किंवा गुळगुळीत पांढरा गोटा ठेवायचा.

दार बाहेर उघडणारं असावं, कारण आत तुसाचा थर असतो. खाली सहा इंची फळीचा उंबरा, म्हणजे तूस बाहेर सांडत नाही. दाराला दोन कड्या, एक वर आणि एक खाली. नुसती वरची कडी असली की दाराचा खालचा कोपरा ओढला जातो, फट पडते, आणि उदमांजराला डोकं जाईल एवढी फट पुरते. डोकं गेलं की अंगही जातं. साधा फिरवायचा लाकडी खुट्टा तर पंज्याने फिरतोच. टॉवर बोल्ट लावावा आणि त्याच्या भोकात एक तारेची पिन घालावी. कोंबड्यांचं छोटं दार वेगळं, फूटभर रुंद, सव्वा फूट उंच, दोन खाचांमधून वर सरकणारं. दोरी पडवीपर्यंत आणली आहे. अंधार पडायच्या आधी त्या आपोआप आत जातात. दोरी सोडली की दार पडतं. नवीन कोंबड्या आणल्या तर आठवडाभर आतच ठेवायच्या, मग हेच आपलं घर हे त्या विसरत नाहीत.

दिवसाचा धोका निराळा. मुंगूस दिवसा येतं, शिकरा वरून झडप घालतो. आम्ही खुराड्याला लागून वीस फूट लांबीचं जाळीचं अंगण केलं आहे, वरूनही झाकलेलं. त्याच्या कडेने दीड फूट रुंदीची जाळी जमिनीवर बाहेरच्या बाजूला आडवी पसरून वर माती टाकली. घूस किंवा कुत्रा भिंतीच्या अगदी बुडाशी उकरतो, तिथे त्याला जाळी लागते आणि तो सोडून देतो. मागे सरकून दीड फुटावरून उकरायचं त्याला सुचत नाही. अंगणाच्या कोपऱ्यात चुलीतली राख आणि कोरडी माती, पत्र्याखाली. कोंबड्या त्यात लोळतात, पिसं फुलवून राख मुळाशी घेतात आणि उवा, पिसवा झडतात. पावसाळ्यात ही कोरडी जागा नसली की त्यांच्या अंगावर कीड झालीच म्हणून समजा.

झाकलेल्या अंगणाचं दुसरं कारण अलीकडचं. भारतात बर्ड फ्लू पहिल्यांदा २००६ साली आढळला तो आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात, नवापूरला. जानेवारी २०२५ मध्ये तो आमच्या रायगडात आला, उरण तालुक्यातल्या चिरनेरला, आणि तो परसातल्याच कोंबड्यांमध्ये. रोग रानपाखरांच्या, पाणपक्ष्यांच्या विष्ठेतून येऊ शकतो. म्हणून दाणा-पाणी कधीही उघड्यावर ठेवायचं नाही, कावळे-चिमण्या त्यावर बसता कामा नयेत. खुराड्यात जायच्या चपला वेगळ्या. एकाच वेळी बऱ्याच कोंबड्या मेल्या तर पुरून गप्प बसायचं नाही, जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवायचं. शेजाऱ्याच्या कोंबड्याही त्यावर अवलंबून असतात.

त्याहून नेहमीचा मारेकरी मानमोडी. मान वाकडी होते, हिरवी हगवण लागते, दोन-चार दिवसांत वाडीच्या वाडी रिकामी. तिच्यावर औषध नाही, लस आहे. पिल्लू पाच-सात दिवसांचं असताना लासोटा डोळ्यात थेंब टाकून, आणि साधारण आठव्या आठवड्यात आर-टू-बी टोचून. लस थंड ठेवावी लागते आणि कुपी फोडून कालवली की काही तासांतच वापरावी लागते. एका कुपीत शंभर-दोनशे मात्रा. एकट्या घराला ते परवडत नाही, म्हणून लोक लस टाळतात. आम्ही वाडीतली सगळी घरं एका दिवशी ठरवून करतो. ज्यांच्याकडे चार कोंबड्या आहेत त्यांच्याही होतात. आमच्या शेजारच्या काकू पहिल्यांदा म्हणाल्या होत्या, “माझ्या गावठीला कसली लस, ती आपसूक जगते.” मी म्हटलं, “काकू, तुमची जगेल, पण तुमच्यामुळे माझी जायला नको.” आता त्याच सगळ्यांना आदल्या दिवशी आठवण करून देतात.

कुठल्या कोंबड्या ठेवाव्या हा प्रत्येकाचा आवडीचा भाग. गावठी कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंडी देते, पण खुडूक बसते, पिल्लं काढते, सांभाळते आणि घार दिसली की ओरडून पंखाखाली घेते. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेची वनराज किंवा बंगळूरच्या कृषी विद्यापीठाची गिरिराज जास्त अंडी देतात, अंगानेही मोठ्या होतात, पण उबवायला फारशा बसत नाहीत. आम्ही दोन्ही ठेवतो. गावठी खुडूक झाली की वनराजची अंडीही तिच्याखाली सरकवतो; एकवीस दिवसांनी ती आपली-परकी न पाहता सगळ्यांना घेऊन बाहेर पडते. सुधारित जातींची पिल्लं पशुसंवर्धन खात्याच्या उबवणी केंद्रातून मिळतात. पुण्याजवळ खडकीचं केंद्र जुनं आहे. सल्ल्यासाठी रोह्याजवळ किल्ला इथलं कृषी विज्ञान केंद्र आमच्या हाकेच्या अंतरावर आहे. तिथे जाऊन विचारायला लाजू नये.

खाण्यात कणी, कोंडा, स्वयंपाकघरातला भाजीपाला, अंगणातले किडे आणि अंड्यावरच्या कोंबडीला थोडं बाजारचं खाद्य. मोठी कोंबडी दिवसाला शंभर ग्रॅमच्या वर खाते आणि पाव लिटर पाणी पिते, उन्हाळ्यात त्याहून बरंच. भांडी तिच्या पाठीच्या उंचीवर टांगावीत, म्हणजे ती पाय घालून सांडत नाही. अंड्याचं कवच जवळजवळ सगळं चुन्याचं, दर अंड्यामागे तिच्या अंगातून दोनेक ग्रॅम कॅल्शियम जातं. आम्ही रेवदंड्याच्या बाजूने आलेले कालवांचे शिंपले भाजून, कुटून वेगळ्या डब्यात ठेवतो. ज्या कोंबडीला गरज असते ती बरोबर तिकडे जाते. पावसाळ्यात मात्र खाद्य थोडंथोडं आणावं. शेंगदाण्याची पेंड, मका यांना ओल लागली की बुरशी धरते आणि त्या बुरशीचं विष कोंबडीचं काळीज खातं. झाकणाचा पिंप, पिंपाखाली फळी, वास आला तर ते खाद्य खड्ड्यात.

थंडीत दिवस लहान होतो, पिसं झडतात, अंडी कमी होतात. बल्ब लावून दिवस लांबवता येतो, मोठे व्यावसायिक तसं करतात. आमच्या परसात आम्ही त्यांना विश्रांती देतो. तेवढीच अंडी पोपटीला लागतात: वालाच्या शेंगा, अंडी, मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वर जाळ. रोह्याकडच्या थंडीत त्याशिवाय शेतावरची रात्र पुरी होत नाही.

खड्ड्यातलं खत ताजं झाडाला घालू नये, ते जाळतं. पाच-सहा महिने पालापाचोळ्याबरोबर कुजवलं की पोफळी आणि नारळ त्यावर हिरवेगार होतात.

कुणी विचारलं, सुरुवात कधी करू, तर मी सांगतो: जोतं दिवाळीनंतर घाला, तेव्हा जमीन वाळलेली असते आणि नव्या विटा निघू लागतात. पौषात चौकट आणि जाळी. छप्पर होळीच्या आत. पिल्लं मात्र खुराडं पुरं व्हायची वाट न पाहता कार्तिक-मार्गशीर्षातच आणा आणि पहिले दोन महिने घरात खोक्यात, बल्बच्या उबेत वाढवा. पाच-साडेपाच महिन्यांनी, वैशाखात, तलंगा अंड्यावर येतात आणि पाऊस लागेल तेव्हा त्यांचं अंग भरलेलं असतं. जूनमध्ये आणलेली पिल्लं कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका.